सतरा पोती

१

छत कोसळलं तेव्हा श्रवण केंद्राच्या नोंदणी दालनात तीन माणसं होती, आणि त्यांतल्या दोघांना ऐकू कमी येत होतं. तिसरी म्हणजे नोंदणीच्या टेबलाशी बसणारी वहिनी. तिला डोक्यावर काहीतरी करकरल्याचा आवाज आला. तिने समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याला दोन्ही हातांनी मागे ढकललं आणि स्वतः खुर्ची-टेबलाच्या मध्ये अडकली. जोडपं वाचलं. वहिनीचं खांद्याचं हाड मोडलं.

हे सोमवारी सकाळी घडलं. मंगळवारी दहा वाजता इमारत तपासणी खात्याच्या साहेबांनी बाईंना बोलावलं.

बाईंना खात्यात तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘मिलिमीटर’. एकोणीस वर्षं त्या थंड हवेच्या डक्ट तपासत होत्या. पत्र्याच्या त्या चौकोनी नळांवर ग्लासवूलचं, म्हणजे काचतंतूंच्या लोकरीचं, आवरण नीट गुंडाळलंय का, त्यावरची चंदेरी फॉइल बाहेरच्या बाजूला आहे का, सांधे चिकटपट्टीने बंद आहेत का, हे पाहायचं. मग लांब सुई टोचून जाडी मोजायची आणि दाखल्यावर सही करायची. सही झाली की छत बंद व्हायचं आणि ते काम पुन्हा कुणाच्या नजरेला पडायचं नाही.

“बसा,” साहेब म्हणाले. त्या उभ्याच राहिल्या. “छत ओलं होऊन पडलं. डक्टला घाम फुटून पाणी गळत होतं. वरचं आवरण पंचवीस मिलिमीटर भरलं. नियमावली पन्नास म्हणते. दाखल्यावर सही तुमची.”

“पन्नास उघड्या जागेत. डक्ट ज्या जागेतून जातो ती जागाच थंड असेल तर पंचवीस पुरे, असंही नियमावलीच म्हणते. तिथे छताच्या वरची पोकळी थंड होती. खोलीतली वापरलेली हवा छतातल्या जाळ्यांमधून वर जायची आणि त्या पोकळीतून यंत्राकडे परत.”

“हे दाखल्यावर कुठे लिहिलंय?”

“नकाशात आहे. केंद्राच्या फाइलमध्ये, सात नंबरचा कागद. तेवढीच प्रत.”

साहेबांनी केंद्रातून काल आणलेली फाइल त्यांच्यापुढे सरकवली. “उघडा.”

बाईंनी पानं उलटली. चार, पाच, सहा. सहानंतर आठ होता.

“समिती गुरुवारी तीनला बसणार,” साहेब म्हणाले. “सही चुकीची ठरली तर सहीचा अधिकार कायमचा जाईल. तुम्हाला माहीत आहे, मी सांगायला नको. तुमच्याकडे दोन दिवस आहेत.”

सात नंबरच्या जागी फाइलच्या दोरीत कागदाचा एक बारीक कपटा अडकला होता. कागद पडला नव्हता. कुणीतरी तो ओढून काढला होता.

२

केंद्रात पोहोचेपर्यंत दालन झाडून झालं होतं. भिंतीला लावलेली बाकं, काचेचं दार, टेबल, आणि डोक्यावर चार मीटर लांब, तीन मीटर रुंद भोक. भोकातून डक्ट दिसत होता. बाई खाली उभ्या राहून बराच वेळ वर पाहत होत्या.

आवरण जागेवर होतं. फॉइल कुठे फाटली नव्हती, पट्टी कुठे सुटली नव्हती. एका कोपऱ्याला थोडंसं उचललेलं दिसत होतं, ते खात्याच्या माणसाने मोजायला उचललेलं. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला थेंब सुकल्याचे पांढरट डाग होते, एकाखाली एक.

“बाजूला व्हा हो, पाय भिजतील,” मागून आवाज आला. सफाईवाल्या मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. “काल सगळं मीच उपसलं. कुणी म्हणालं नाही, की मावशी, तुमची कंबर आहे का लाकूड.”

“काय काय पडलं होतं?”

“छताच्या पांढऱ्या लाद्या आणि पिवळी लोकर. सगळी तुमच्या त्या नळावरची. भिजून दगड झालेली. लाद्या वेगळ्या, नुसत्या लोकरीची सतरा पोती भरली.”

“सतरा?”

“मोजून. प्रत्येकाचं तोंड मी बांधलंय. दोघं मिळून उचलावं लागत होतं एकेक.”

बाईंनी डोळ्यांनी डक्ट मोजला. चारी बाजू मिळून दोन मीटर, भोकावरची लांबी चार. जाडी पंचवीस मिलिमीटर. सगळं आवरण सोलून काढलं असतं तरी फार तर चार पोती भरली असती. आणि आवरण तर सोललेलंच नव्हतं.

“मावशी, लोकरीला चंदेरी कागद चिकटलेला होता?”

“छे. नुसती पिवळी. चांगल्या जाड वड्या होत्या, खाली पडून तुटल्या तेवढंच.”

“पोती कुठे आहेत?”

“गेली की कालच. कचऱ्याच्या गाडीत.” मावशींनी पोचा पिळला. “व्यवस्थापकांना भारी घाई होती.”

३

व्यवस्थापकांना बसल्या जागी पेन उघडझाप करण्याची सवय होती.

“पोती ठेवून काय करणार होतो, बाई? वास येत होता. कागदाचं मला माहीत नाही. काल इथे जत्रा होती. तुमच्या खात्याचे लोक, पाणीवाले, डक्टला लोकर गुंडाळणारे तुमचे चांदीमामा, अर्धा रस्ता.”

“मला वर जायचंय. झडप कुठे आहे?”

“चाचणीच्या खोलीत. पण आज नाही. बाकीचं छत टिकेल असं लिहून मिळाल्याशिवाय मी कुणाला वर सोडणार नाही. नियम म्हणजे नियम, तुम्हीच म्हणता ना?” पेन दोनदा वाजलं.

चाचणीची खोली दालनाच्या शेजारीच होती. तिथल्या डॉक्टर उंच, तुटक बोलणाऱ्या होत्या. यंत्रांवर प्लास्टिक पांघरता पांघरता त्यांनी उत्तरं दिली.

“माझी खोली बंद ठेवलीय. चाळीस जणांच्या तारखा पुढे गेल्या. त्यांतली अकरा मुलं आहेत. आणि आत्ता कुठे ही खोली कामाची झाली होती.”

“आत्ता म्हणजे?”

“दोन महिने झाले. त्याआधी नोंदणीतलं सगळं बोलणं इथे ऐकू यायचं. छतातून. माणसाने कानातला बारीक सूर ऐकून बटण दाबायचं. आमच्याकडे लोक सुनेच्या गाऱ्हाण्याला बटण दाबायचे. एक आजोबा तर मध्येच म्हणाले, ती सून बरोबर बोलतेय.”

बाईंना हसू आलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

“सूर ऐकू येतो, आणि तो आवाजात बुडाला म्हणून मी त्याला बहिरं ठरवायचं. हे विनोदी नाही. मी सहा पत्रं लिहिली. मग एका सोमवारी आले तर खोली शांत.”

“काय केलं होतं?”

“व्यवस्थापक म्हणाले, दाराला रबर लावलं.”

बाई बाहेर पडताना दाराशी वाकल्या. रबर होतं, नवं होतं. पण दाराच्या खालच्या फटीतून त्यांची करंगळी सहज आरपार गेली.

चांदीमामा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या वाचनालयाच्या छतात काम करत होते. फॉइल गुंडाळून गुंडाळून त्यांच्या हातांवर कायम चंदेरी कण असायचे, म्हणून हे नाव. खात्यात लागल्यावर पहिल्या वर्षी बाईंना हाताच्या मागच्या बाजूने सांधा चाचपायला मामांनीच शिकवलं होतं. ते शिडीवरून उतरले, हात पुसले, पण खाली बसले नाहीत.

“पंचवीसच लावलं होतं, बाई. नकाशात होतं तेच. तुम्ही सुई टोचून बघितलंत. वर एवढा गारवा होता, की तुम्ही माझा स्वेटर मागून घेतलात. आठवतंय?”

“आठवतंय. त्यानंतर कधी वर गेलात?”

“कशाला? छत बंद झालं की आमचं काम संपलं.”

“मामा, सुरुवातीचा गारवा गेला कुठे?”

“ते यंत्रवाले सांगतील.” त्यांनी सुरी उघडली, मिटली. “काळजी नका करू. तो सात नंबरचा कागद मिळाला की सगळं सुटेल.”

बाई परत निघाल्या. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर त्या एकदम थांबल्या. कागद हरवल्याचं त्यांनी मामांना सांगितलंच नव्हतं.

पण मामा काल केंद्रात होते. कुणी सांगितलंही असेल. बाईंनी तो विचार ढकलून दिला. तो गेला नाही.

४

घरी आत्या होती. आत्याने तीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर शिकवायला घरात ही एकच भाची उरली होती.

“जेवताना चमच्याने ताट मोजू नकोस,” आत्या म्हणाली. “बोल काय झालंय ते.”

बाईंनी सांगितलं. सतरा पोती, शांत झालेली खोली, सहानंतरचा आठ.

“तेरा पोती जास्तीची.”

“सतराच्या सतरा जास्तीची. डक्टवरचं डक्टवरच आहे.”

“मग कुणीतरी वर लोकर नेऊन ठेवली. कुणी ते तू काढशील. माझा प्रश्न वेगळा आहे. पंचवीस का पुरे, हे तुला माहीत होतं. ते दाखल्यावर का नाही लिहिलंस?”

“नकाशात होतं ना.”

“मी विद्यार्थ्यांना काय सांगायचे? उत्तर बरोबर आहे, रीत कुठाय.”

“आत्या, खात्यात कुणीच लिहीत नाही.”

“असं वर्गातले सगळेच म्हणायचे.”

बाईंनी ताट सारलं आणि नियमावली काढली. डक्टच्या आवरणाचं प्रकरण त्यांना तोंडपाठ होतं. जाड्यांचा तक्ता, फॉइलची दिशा, सांधे, छत बंद होण्यापूर्वीची तपासणी. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरातली टीप मात्र त्यांनी कित्येक वर्षांत वाचली नव्हती. *कमी जाडी मान्य करताना त्याचं कारण दाखल्यावर लिहावं, आणि जागेची स्थिती बदलू नये अशी पाटी झडपेवर लावावी.*

त्यांनी टीप दोनदा वाचली. पाटी लावलेली त्यांना आठवेना. कुठल्याच इमारतीत आठवेना.

५

बुधवारी सकाळी त्या रुग्णालयात गेल्या. नोंदणीवाल्या वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात गळ्यात बांधलेला, आणि सासूबाई त्यांना केळं भरवत होत्या.

“बघा, आयुष्यात पहिल्यांदा सासू भरवतेय,” वहिनी म्हणाल्या. “त्यासाठी छत पडावं लागलं.”

“बोलू नकोस, ठसका लागेल,” सासूबाई म्हणाल्या.

“वहिनी, तुमच्या टेबलाखाली एक पंखा पडलाय, मोडलेला.”

“माझाच. घरून आणलेला.”

“थंड हवेच्या दालनात पंखा?”

“कसली थंड? दोन महिने झाले, जीव घुसमटायचा. वरून हवा यायची, पण हलायचीच नाही, साचल्यासारखी. पूर्वी असं नव्हतं. मी व्यवस्थापकांना म्हटलं. ते म्हणाले, वय झालं तुमचं.” त्यांनी केळ्याचा घास नाकारला. “पस्तिशीत आहे मी.”

दोन महिने. खोली शांत झाली तेव्हाच दालन कोंदलं.

बाई रुग्णालयाच्या जिन्यावरच थांबल्या. हवा आत यायची, पण निघायला वाट नव्हती. आवाज आणि हवा, दोघांचा रस्ता एकच होता. छतातल्या जाळ्या.

अकरा वाजता छत तपासणाऱ्याची परवानगी हातात पडली. व्यवस्थापकांनी ती तीनदा वाचली आणि नाइलाजाने चाचणीच्या खोलीतल्या झडपेखाली शिडी लावली. झडपेवर पाटी नव्हती. बाईंनी तिकडे मुद्दाम पाहिलं.

वर अंधार होता आणि अंगाला चिकटणारा उकाडा. भोकावर लावलेल्या प्लास्टिकमुळे पोकळी पुन्हा बंद झाली होती. बाईंनी मापक काढून धरला. चौतीस अंश, आर्द्रता ब्याऐंशी टक्के. सहा महिन्यांपूर्वी इथे त्यांना स्वेटर लागला होता.

त्यांनी मनातल्या मनात आकडे मांडले. एवढ्या दमट हवेचं तीस अंशांच्या खाली पाणी होतं. डक्टमध्ये तेरा अंशांची हवा. पंचवीस मिलिमीटरच्या आवरणावर बाहेरची फॉइल अठ्ठावीसच्या आसपास राहणार. म्हणजे घाम फुटणारच. पन्नास असतं तर एकतीसच्या जवळ, कोरडी. त्यांनी फॉइलवर बोट फिरवलं. यंत्र सकाळीच चालू केलं होतं. बोट ओलं झालं.

मग त्यांनी बॅटरी खाली वळवली.

छताच्या पांढऱ्या लाद्यांवर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, पिवळ्या ग्लासवूलच्या जाड वड्या अंथरलेल्या होत्या. पंचाहत्तर मिलिमीटर. भोकाच्या बारा चौरस मीटरला जवळजवळ एक घनमीटर. सतरा पोती. आणि जिथे परतीच्या जाळ्या असायला हव्यात तिथेही वड्याच. जाळ्या वरून बुजल्या होत्या.

खोलीची थंड हवा वर येत नव्हती, छपराची उष्णता वरच साचत होती. डक्ट हलला नव्हता. त्याच्याभोवतीची जागा बदलली होती. गळणारं पाणी वड्या पीत गेल्या, आणि सोमवारी त्यांचं ओझं छताला पेललं नाही.

बाईंनी एका सांध्याशी बॅटरी धरली. दोन वड्यांच्या कडा तिरप्या कापून एकमेकींवर बसवल्या होत्या. पुढच्या रांगेतले सांधे अर्ध्या वडीने सरकवलेले. खांबाभोवतीचं गोल भोक इतकं नेमकं, की नखही आत जाईना. जे कुणाला कधी दिसणार नव्हतं, ते कुणीतरी दिसण्यासारखं केलं होतं.

असं काम करणारा माणूस या गावात एकच होता.

६

व्यवस्थापक फार टिकले नाहीत. “डॉक्टरांची सहा पत्रं होती हो. मी मामांना म्हटलं, आवाज थांबवा. ते म्हणाले, लोकर अंथरतो. सोमवारी छत पडल्यावर मला वाटलं, आपण परवानगी न घेता केलं म्हणून पडलं. म्हणून पोती लगेच हलवली. कागदाला मात्र मी हात लावला नाही, शपथ. फाइल मामांनी मागितली होती, मी दिली.”

संध्याकाळी वाचनालयाचं काम सुटायच्या वेळी बाई तिथे पोहोचल्या. मामा एकटेच हत्यारं धूत होते.

“तिरप्या कडा,” बाई म्हणाल्या. “सांधा अर्ध्याने सरकवलेला. मामा, खोटं बोलायचं होतं तर काम तरी वाईट करायचं.”

मामांनी नळ बंद केला. बराच वेळ त्यांनी हात पुसले.

“आवाज थांबवायचा होता. मुलांची तपासणी चुकतेय म्हणाले. उरलेला माल होता, एक दिवस सुट्टीचा होता. मला वाटलं, बाई, लोकर लावून कुणाचं कधी वाईट झालंय? चाळीस वर्षं तेच करतोय. जास्त लावली म्हणून काही बिघडलं, असं एकदाही नाही झालं.”

“डक्टवर लावली असती तर नसतंच झालं.”

“छत पडल्यावर सात नंबर बघितला, तेव्हा कळलं. बाण काढलेले होते, हवा वर जातानाचे. मीच ती वाट बुजवली होती.” ते खाली पाहत होते. “घडी घातली आणि खिशात टाकला.”

“माझी सही त्या कागदावर टेकली होती.”

“माहीत होतं.”

“मग?”

“तुम्ही शिकलेल्या. काहीतरी मार्ग काढाल. मला कोण पुन्हा छतात चढू देणार?” मग हळूच म्हणाले, “हे बोलताना बरं वाटत नाहीये. विचार करताना वाटलं होतं.”

बाईंना ओरडावंसं वाटत होतं आणि बसावंसंही वाटत होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. “उद्या तीनला समिती आहे. मी तुमचं नाव घेणार. त्याआधी तुम्ही आलात तर ते तुम्ही सांगितलेलं होईल. नाही आलात तर मी सांगितलेलं.”

“कागद नसला तर तुमचं कोण ऐकेल?”



७

गुरुवारी तीनला समितीचे तिघे लांब टेबलापलीकडे बसले. मधले अध्यक्ष, डावीकडे साहेब, उजवीकडे एक बाहेरचे अभियंते, ज्यांनी अजून चष्मा घातला नव्हता. भिंतीशी व्यवस्थापक आणि डॉक्टर. मामा नव्हते.

बाईंनी टेबलावर एक कोरडी पिवळी वडी ठेवली आणि सुरुवात केली. आधी थेंबांचे डाग. पाणी फॉइलच्या बाहेर होतं, म्हणजे फॉइल शाबूत आणि काम चोख. मग पोती. मग पंखा, रबर, आणि एकाच सोमवारपासून शांत झालेली खोली व कोंदलेलं दालन. शेवटी बुजलेल्या जाळ्या आणि आकडे. उजवीकडच्या अभियंत्यांनी चष्मा घातला आणि आकडे स्वतः मांडून पाहिले.

“बसतंय,” ते म्हणाले. “जागा थंड असेल तर पंचवीस पुरे. बुजवल्यावर नाही.”

“पण ती आधी थंड होती, परतीची वाट तिथूनच होती, याला पुरावा?” अध्यक्षांनी विचारलं. “जाळ्या शोभेच्याही असू शकतात.”

“सात नंबरचा नकाशा.”

“जो नाही.”

“जो मी बघितलाय.”

“तुमची सही तपासायला आम्ही तुमचाच शब्द घ्यायचा?”

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी वही उघडली, मामांचं नाव लिहिलेल्या पानावर बोट ठेवलं आणि श्वास घेतला.

दार उघडलं. शिपायाला बाजूला सारत मामा आत आले. अंगात धुतलेला शर्ट, हातांवर चंदेरी कण तसेच. त्यांनी कागद टेबलावर ठेवून तळहाताने घडी सपाट केली.

“वड्या मी लावल्या. कागदही मीच काढला. बाईंनी बघितलं तेव्हा सगळं बरोबर होतं.”

डॉक्टर भिंतीपासून पुढे आल्या. “माझ्यासाठी लावल्या होत्या त्या?” त्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी बाणांवरून बोट फिरवलं, कागद दोन्ही बाजूंना फिरवला आणि मान डोलावली. “मग तपासनिसांची सही योग्य होती, असं लिहू या.”

“एक ओळ राहिली,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं. बाईंनी ते पाहिलं.

“कारण दाखल्यावर लिहायला हवं होतं आणि झडपेवर पाटी हवी होती. तक्त्याखालची टीप आहे. मी दोन्ही केलं नाही. मामा झडपेतून वर गेले. पाटी असती तर त्यांनी वाचली असती. चाळीस वर्षं ते प्रत्येक गोष्ट वाचून कापतात.”

“ते खात्यात कुणीच करत नाही,” साहेब पटकन म्हणाले. “ती ओळ गाळता येईल.”

“त्या वहिनींचं हाड गाळता येईल का?”

अभियंत्यांनी चष्मा काढला.

निकाल पंधरा मिनिटांत आला. मामांना दोन वर्षं स्वतंत्र काम बंद. व्यवस्थापकांची स्वतंत्र चौकशी. केंद्राने परतीच्या हवेला वेगळा डक्ट द्यायचा, वड्या हव्या तर ठेवायच्या, आणि मग थंड डक्टवर पन्नास मिलिमीटर. बाईंचा सहीचा अधिकार एक वर्ष स्थगित.

बाहेरच्या बाकावर मामा बसले होते. बाई त्यांच्या शेजारी बसल्या.

“ती ओळ नसती तर वाचला असतात,” मामा म्हणाले.

“हो.”

“राग आहे माझ्यावर?”

“आहे. पण त्याला आत्ता वेळ नाही.” बाईंच्या मांडीवर एक कागद होता. सकाळीच त्यांनी नोंदवहीतून उतरवून घेतलेली यादी. “एकोणीस वर्षांत मी ‘पंचवीस, मान्य’ असे एक्केचाळीस दाखले दिले. एकावरही कारण लिहिलेलं नाही. एकाही झडपेवर पाटी नाही. त्यांतल्या कुठल्या छतावर कुणी काय अंथरलंय, कुठली जाळी बुजवलीय, कुणाला माहीत नाही.”

मामांनी यादी घेतली, डोळ्यांपासून लांब धरली. “तुमची सही तर बंद आहे.”

“झडप उघडून बघायला सही लागत नाही.”

“आणि मला काम बंद आहे.”

“शिडी धरायला परवाना लागत नाही.”

मामांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ती एका शाळेची होती. शाळा सुटायला अजून तास होता. दोघंही एकदम उठले.